ट्रेनिंग ॲपचं द्यायचं की म्हाताऱ्या माणसाचं?

पत्र थोडक्यात

कोल्हापुरातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ५२, आधी बरीच वर्षं वॉर्डात काम, आता नर्सिंगच्या पोरींना शिकवतात. त्यांच्या संस्थेकडं जिल्ह्यातल्या नर्स, एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सताई) आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी (सीएचओ) 'डिजिटल केअर आणि हेल्दी एजिंग' असं ट्रेनिंग आलंय. साठ जणांची बॅच, दोन दिवस, स्लाइड तयार, शेवटी मोबाईलवर परीक्षा आणि सर्टिफिकेट. प्राचार्यांनी जबाबदारी ह्यांच्यावर टाकलीय. त्या लिहितात, "मला स्वतःला फॉर्म भरायचा म्हटलं तरी लेकीला हाक मारावी लागते. सोबत २८ वर्षांचा एक सहकारी दिलाय, तो सगळं झटझट करतो आणि दर वेळी म्हणतो, मॅडम तुम्ही राहूदे."

ट्रायल म्हणून त्यांनी जवळच्याच गल्लीतल्या ७६ वर्षांच्या एका आजींना आणून सगळ्यांसमोर व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलायला लावलं. आजी प्रत्येक प्रश्नाला "व्हय" म्हणाल्या, चार मिनिटांत आटपलं, टाळ्या वाजल्या. नंतर चहा पिताना कळलं की आजींना निम्मं ऐकूच आलं नव्हतं आणि बीपीच्या गोळ्या त्यांनी महिन्याभरापासून बंद केल्या होत्या, चक्कर येते म्हणून.

"म्हाताऱ्या माणसांना हे डिजिटल जमणारच नाही, मग शिकवायचं कशाला? नाही म्हणून सांगू, त्या पोराच्या हातात देऊन मोकळी होऊ, का सगळे करतात तसं फोटो काढून सर्टिफिकेट वाटून टाकू? आणि करायचंच ठरवलं तर अशा आजी-आजोबांना परत बोलवायचं कसं, त्यांच्या जाण्यायेण्याचं काय?"

उत्तर

ताई, पत्र वाचून मला पहिल्यांदा एकच विचारावंसं वाटलं, आजींनी गोळ्या बंद केल्यात हे चहा पिताना काढून घेतलं कुणी? तुम्ही "नंतर कळलं" एवढंच लिहिलंय, पण असलं आपोआप कळत नसतं. कुणीतरी शेजारी खुर्ची ओढून बसलं असणार, "आज्जी, गोळ्या येळेवर चालू हायत न्हवं" असं काहीतरी विचारलं असणार आणि उत्तर येईपर्यंत गप बसलं असणार. मला वाटतंय ते तुम्हीच. म्हणजे टाळ्या पडलेल्या चार मिनिटांत जे झालं नाही ते तुम्ही कपबशीवर केलंत, आणि वर मलाच विचारताय की मला डिजिटल येत नाही तर मी हे शिकवू कशी.

आधी हे डिजिटल म्हणजे नक्की काय ते बघू, कारण नावाचाच धसका जास्त असतो. ई-संजीवनी, म्हणजे व्हिडिओवरनं डॉक्टर दाखवायची सरकारी सोय, २०१९ पासून चालू आहे, तुम्हाला माहीतच आहे. उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याच्या पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय तिथं, सीएचओ बसलेली असते, पेशंट तिच्या शेजारी आणि डॉक्टर पलीकडं कुठंतरी. त्या डॉक्टरला दिसतं काय तर पेशंटचा छातीपासून वरचा भाग, तो पण रेंज असली तर, आणि जुलैत गगनबावड्याच्या बाजूला रेंज किती असते ते मी सांगायला नको. पायावरची सूज त्याला दिसत नाही, आत येताना म्हातारीनं दाराची चौकट धरली ते दिसत नाही, अंगाला लघवीचा वास येतोय ते कळत नाही, ब्लाउज खांद्यावरनं उतरालाय म्हणजे वजन गेलंय हे तर लांबच. हे सगळं अलीकडं बसलेल्या माणसानं बघायचं आणि दोन वाक्यात पलीकडं सांगायचं, काय नवीन झालंय, कधीपासनं, पंधरा दिवसांपूर्वी हे माणूस कसं होतं, गोळ्या कुठल्या चालू आहेत, मोजमाप काय आलं. ह्यातलं बटण दाबायचं काम अर्ध्या तासात शिकून होतं. बाकीचं शिकायला वॉर्डात वर्षं घालवावी लागतात, ती तुम्ही घातलीत.

त्यामुळं "तरुण पोरांना डिजिटल येतं" हे मला अर्धवट पटतं. त्यांना मोबाईल येतो. पण म्हातारं माणूस दहा सेकंद काहीच बोललं नाही की ह्याच पोरांचा जीव कासावीस होतो आणि ती पुढचा प्रश्न विचारून मोकळी होतात, आणि नेमकं त्या दहा सेकंदांनंतरच खरं काय ते बाहेर येणार असतं. तुमचा तो सहकारी "तुम्ही राहूदे" म्हणतो त्यात मला फार वाईट हेतू दिसत नाही, त्याला काम उरकायचंय. त्याला सरळ सांगा, लॉगिन, फॉर्म, आभा नंबर (आरोग्याच्या नोंदींसाठीचा सरकारी नंबर), नेट गेलं तर काय करायचं हे सगळं तुझं, ते तूच शिकवायचं, मी पण तुझ्यासमोर बसून शिकणार. पण माणसाशी बोलायचं सत्र माझं आणि तिथं तू बाकावर बसायचं. आणि खरंच बसा हो त्याच्यासमोर शिकायला, सगळ्या बॅचसमोर. तुमच्या बॅचला पन्नाशीच्या एएनएम ताई पण असणार, त्यांचा निम्मा संकोच तिथंच जाईल.

आता दुसरी गोष्ट, "म्हाताऱ्यांना जमणारच नाही". हे वाक्य इतकं सगळीकडं ऐकू येतं की खरं वाटायला लागतं. पण बघा ना, पोरगा पुण्यात असलेली म्हातारी रोज संध्याकाळी नातवाशी व्हिडिओवर बोलते, यूट्यूबवर कीर्तन लावते, दुधाचं बिल बँकेत जमा झालं का ते मेसेज उघडून बघणारे आजोबा मी स्वतः बघितलेत. जिथं त्यांचं काम आहे तिथं जमतं. अडतं कुठं ते वेगळंच आहे. आयुष्यभर ऊस तोडून, भांगलून, शेणात हात घालून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात कातडी कोरडी, मग अंगठा मशीनवर उठत नाही आणि स्क्रीनला बोट लागत नाही, आणि आपण म्हणतो ह्यांना कळत नाही. अक्षर बारीक असतं. आधारला जोडलेला नंबर पोराचा असतो आणि पोरगा शिरोलीच्या एमआयडीसीत ड्युटीवर, फोन बंद. ह्यातला एकही दोष त्या म्हाताऱ्या माणसाचा नाही. हे अडथळे ओळखून वाट काढायला शिकवायचं असेल तर ते आपल्या नर्स-एएनएमना शिकवायला लागेल.

ओटीपीचं तर विचारूच नका. बँकेवाले, पोलीस, टीव्ही, सगळे सांगतात ओटीपी कुणाला म्हणजे कुणाला सांगायचा नाही, आणि मग आपली सिस्टर येते आणि म्हणते, "आजोबा, मोबाईलवर नंबर आलाय तो सांगा बघू पटकन." आजोबा सांगत नाहीत, आपण वैतागतो. माझ्या मते तिथं आजोबा बरोबर आहेत. म्हणून शिकवताना हे स्वतंत्र घ्या, अर्धा तास द्या. ओटीपी फोनवरनं कधीही मागायचा नाही, समोर बसूनच. आपली स्क्रीन त्यांच्याकडं फिरवायची, कशाचा फॉर्म आहे ते सांगायचं, मेसेज त्यांना स्वतःला किंवा त्यांच्या माणसाला वाचू द्यायचा. आभा नंबर ऐच्छिक आहे, नको म्हणाले तर नको, उपचार त्यामुळं अडत नाहीत हे पण सांगायचं. आणि जाताना सांगायचं की माझं नाव घेऊन कुणी फोनवर नंबर मागितला तर देऊ नका, फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. हे शिकवलेली नर्स त्या गावाचा विश्वास कमावते, आणि पुढची पाच वर्षं तिचं काम सोपं होतं.

ऐकण्याचं बघू, कारण तुमची आजी तिथंच हुकली. वय झालं की बहुतेकांचे आधी उंच पट्टीचे आवाज जातात. आपण ओरडायला लागलो की आपला आवाज अजूनच उंच चढतो, म्हणजे जे ऐकू येत नाही तेच आपण वाढवत नेतो. आवाज खाली आणायचा, सावकाश, समोर तोंड करून, मास्क काढता येत असेल तर काढून. पंखा बंद करायचा, बाहेरच्या बाकावरचा दंगा थांबवायचा. व्हिडिओ असेल तर मोठा हेडफोन लावायचा, कानात घालायच्या बोंड्या नकोत, त्या निसटतात आणि म्हाताऱ्यांना त्याची किळस पण येते. कानात मळ आहे का ते आधी बघायचं, बऱ्याचदा तिथंच उत्तर असतं. आणि "कळलं का?" हा प्रश्न ट्रेनिंगमधनं हद्दपारच करा, कारण त्याला "व्हय" शिवाय उत्तर नाही. त्यापेक्षा विचारायचं, "घरी गेल्यावर सूनबाई विचारणार डॉक्टर काय म्हणालं, तर काय सांगशीला?" मग जे सांगतील तेवढंच पोचलंय असं धरायचं.

आणि ती चक्कर. मला सगळ्यात राग तिथं आला. आजींवर नाही हो, टाळ्यांवर. गोळी घेतली की चक्कर येते म्हणून म्हातारीनं गोळी सोडली, हा वेडेपणा नाही, तिच्या बाजूनं एकदम बरोबर हिशोब आहे, पडून खुबा मोडण्यापेक्षा गोळी नको. आता तिचं बीपी बसवून घेतलं तर कदाचित बरंच आलं असतं आणि डॉक्टरनं तीच गोळी पुढं चालू ठेवली असती. पण पाच मिनिटं शांत बसवून एकदा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत परत घेतलं, आणि वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर चक्कर कशाची ते समोर येतं आणि ते डॉक्टरला सांगितलं की तो गोळी, डोस, वेळ ह्याचा विचार करू शकतो. उभं करताना नर्सनं शेजारी उभं राहायचं, पडली तर धरायला. मशीन डिजिटल आहे म्हणून आकडा बरोबर येतो असं नसतं, दंडावरची घट्ट बाही तशीच वर सरकवून पट्टा बांधला, हात लोंबकळत ठेवला, आणि मधे "जेवलासा का" विचारत बसलं की आकडा चुकतो आणि तो चुकलेला आकडा थेट पोर्टलवर जाऊन बसतो. पूर्वी कागदावर चुकायचा, आता सगळीकडं चुकतो.

ह्याला जोडूनच गोळ्यांची पिशवी. एक सत्र फक्त पिशवीचं ठेवा. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या घरात ती असतेच, प्लॅस्टिकची, गाठ मारलेली, त्यात सीपीआरच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या गोळ्या, राजारामपुरीतल्या डॉक्टरच्या गोळ्या, मेडिकलवाल्यानं गुडघ्याला दिलेल्या, शेजारणीला फरक पडला म्हणून आणलेल्या. सगळी ओतायची, एकेक स्ट्रिप विचारायची, ही कशाची, कधी घेता, कुणी दिली. पाच किंवा जास्त गोळ्या रोजच्या असतील तर डॉक्टरला मुद्दाम सांगायचं. दुखण्याच्या गोळ्या रोज चालू असतील तर त्यानं बीपी वाढतं, किडनीवर येतं, हे बघायचं. शुगरची गोळी खाऊन एकादशी धरणाऱ्या आज्ज्यांना तर नावानिशी विचारायचं. मग सगळ्या स्ट्रिपा ओळीनं मांडून एक फोटो. माझ्या दृष्टीनं त्या दोन दिवसांतलं सगळ्यात उपयोगाचं डिजिटल काम तो फोटो आहे, पण तो डॉक्टरकडं जायला पाहिजे, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. हे वेगळं सांगायची वेळ येते हेच दुर्दैव.

आता 'हेल्दी एजिंग'. तुमच्या स्लाइडमध्ये बहुतेक योगासनं आणि फळांच्या ताटाचा फोटो असणार, चूक नाही, पण तेवढ्यानं भागत नाही. २०२१ ते २०३० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी ह्या विषयासाठी ठरवलंय आणि जागतिक आरोग्य संघटना त्यात रोगांच्या यादीपेक्षा माणसाला काय करता येतंय ह्याच्याकडं बघायला सांगते. चालणं, खाणं-वजन, नजर, कान, स्मरण आणि मन, ह्या सहा गोष्टी. तपासायला मशीन लागत नाही. हात छातीशी घेऊन खुर्चीतनं पाच वेळा उठबस करायला लावायची, १४ सेकंदांत झाली का बघायचं. तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारायचे. तीन महिन्यांत तीन किलोपेक्षा जास्त वजन उतरलंय का, भूक गेलीय का. गेल्या दोन आठवड्यात कशातच मन लागत नाही असं झालंय का. आणि ज्या आज्ज्या मिश्री लावतात त्यांचं तोंड उघडून बघायचं, हे त्या सहात नाही पण आपल्याकडं पाहिजेच.

हे मोजण्यातला मुद्दा असा की साठीनंतर कमी होणारं सगळंच "वयामुळं" नसतं. "आता वय झालं की" हे वाक्य पेशंट म्हणतो तेव्हा समजू शकते, पण नर्स म्हणते तेव्हा तिथंच तपासणी थांबते. मोतीबिंदू निघतो, कानाचं मशीन बसतं, मांडीतली ताकद सत्तरीतसुद्धा व्यायामानं वाढते. उठबस जमली नाही तर त्या माणसाला घरी रोज काय करायचं, गोठ्यातल्या ओल्या फरशीचं काय करायचं, रात्री मोरीकडं जाताना दिवा कुठं लावायचा हे सांगायचं, आणि महिन्यानं व्हिडिओवर किंवा फोनवर परत विचारायचं. पाठपुराव्याला हा फोन लई कामाचा आहे. चंदगडच्या आतल्या वाडीतनं म्हाताऱ्या माणसाला फक्त "बरं आहे" सांगायला कोल्हापूरला आणायचं म्हणजे एकाचा रोजगार बुडवून दिवसभराची हाडं खिळखिळी करायची.

दोन गोष्टी स्लाइडमध्ये नसल्या तर घाला. पहिली, बोलतंय कोण. व्हिडिओ चालू झाला की पोरगा नाहीतर सून पुढं सरकते आणि आजोबा समोर असून नसल्यासारखे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं पेशंटनं स्वतः सल्ला मागितला तर संमती धरली जाते, पण आरोग्य कर्मचाऱ्यानं सुरू केला तर स्पष्ट विचारून नोंद करायची असते. विचारायचं आजोबांना, त्यांच्या पोराला नाही. आणि दोन मिनिटं तरी बाकीच्यांना बाहेर काढायचं, लघवी सुटते हे कुणी जावयासमोर सांगत नाही, आणि घरात हातावर वळ उठताहेत हे तर नाहीच. असं काही निघालं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासाला १४४१६. दुसरी, कधी स्क्रीन उघडायचीच नाही. तोंड वाकडं झालं, एक बाजू गेली, छातीत दाबतंय, पडल्यावर उभं राहता येत नाही, काल बरं असलेलं माणूस आज असंबद्ध बोलतंय. लॉगिन करत बसायचं नाही, १०८. अर्धांगात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायला लागतं, त्यातले वीस मिनिट कनेक्ट होतंय का बघण्यात गेले तर ते परत येत नाहीत. आणि असंबद्ध बोलणाऱ्या माणसाची शुगर गाडी येईपर्यंत तपासा, ते तरी हातात आहे.

आता तुमचे तीन पर्याय. नाही म्हणणं हा वाईट पर्याय नाही, तुमच्या डोक्यावर आधीच परीक्षा आणि वॉर्ड पोस्टिंग असतील तर तो हक्क आहे. पण तुम्ही लिहिलेलं कारण कामाचा बोजा हे नाही, मला येत नाही हे आहे, आणि ते कारण मी तरी मान्य करणार नाही. सगळं पोराच्या हातात दिलंत तर साठ जणांना ॲप येईल आणि त्या आजीसारख्या आज्ज्या चार-चार मिनिटांत "व्हय" म्हणून घरी जातील. फोटो आणि सर्टिफिकेटचं काय बोलू, सगळे करतात हे खरंच आहे, दीडपट वेगानं व्हिडिओ पळवत शेवटचं बटण दाबायला मी पण लोकांना बघितलंय. पण ती चहाची गोष्ट तुम्ही स्वतःहून पत्रात लिहिलीत, मग हा पर्याय तुम्हाला झेपायचा नाही.

प्राचार्यांकडं जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, मागणी घेऊन जा. साठ ऐवजी वीसच्या तीन बॅचेस द्या. ते म्हणतील तारखा नाहीत, मग एकाच बॅचचे तीन गट आणि तीन खोल्या तरी द्या. स्लाइड आम्ही दाखवतो, पण पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच. परीक्षा होऊदे, पण महिन्यानं प्रत्येकीचा एक खराखुरा कन्सल्ट कुणीतरी शेजारी बसून बघायचा आणि सर्टिफिकेट त्यानंतर. हे शेवटचं बहुतेक मिळणार नाही, वरनं तारीख ठरलेली असते, तर निदान बघायचं तरी मागून घ्या. आणि ट्रायलला काय झालं ते लपवू नका, टाळ्या आणि गोळ्या दोन्ही सांगा. ते माणूस समजूतदार असेल तर त्या एका गोष्टीवर खोल्या मिळतील.

बाकीचा दीड दिवस हातानं. कोल्हापुरात हे सांगायला लागू नये, तालमीत वस्ताद फळ्यावर डाव काढून दाखवत नाही, मातीत उतरवतो. दोन खोल्या घ्या, एकीत 'डॉक्टर', त्याला फक्त स्क्रीनवरचं दिसणार, दुसरीत नर्स आणि खरे आजी-आजोबा. ज्येष्ठ नागरिक संघ इथं भागाभागात आहेत, रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारे तर आयतेच मिळतील, त्यांना 'पेशंट' म्हणून बोलवू नका, शिकवायला बोलवा. सत्र झालं की त्यांनी सांगायचं, ह्या पोरीचं मला काय कळलं, काय कळलं नाही, कुठं घाई झाली. त्यांना मानधन द्या, नुसती शाल-नारळ नको. कानात कापूस, चष्म्याला व्हॅसलीन लावून "म्हातारं कसं वाटतं" असले खेळ पण असतात, पाच मिनिटं ठीक आहेत, पण त्यानं पोरींना कीव येते आणि कीव आली की त्या म्हाताऱ्यांशी बोबडं बोलायला लागतात. त्यापेक्षा खरा माणूस समोर बरा.

एक सराव माझ्याकडनं, पुराचा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै तुमच्या बॅचमधल्या शिरोळ-करवीरच्या पोरींनी बघितलाय. चिखली-आंबेवाडी रिकामी करायची वेळ येते तेव्हा अंथरुणाला खिळलेलं माणूस कुठल्या घरात आहे, इन्सुलिन कुणाचं चालू आहे, डायलिसिसवर कोण आहे, हे कागदाच्या रजिस्टरात असतं आणि रजिस्टर पाण्यात. प्रत्येकीनं आपल्या उपकेंद्राची अशी यादी तिथंच बसून करायची, नाव, गल्ली, गोळ्यांचा फोटो, घरातला एक नंबर, लॉक असलेल्या खात्यात, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडं एक प्रत. दरवर्षी मे महिन्यात ताजी करायची. हे काम करताना ज्यांना डिजिटल म्हणजे वरनं आलेली कटकट वाटते त्यांचं मत बदलतं.

ज्यांचे आईवडील गावाकडं आणि स्वतः पुण्या-मुंबईत आहेत आणि व्हिडिओवर डॉक्टर दाखवताहेत, त्यांनी पण वरचं हेडफोन, पिशवी आणि "काय सांगशीला" एवढं उचललं तरी पुष्कळ आहे. कॉलच्या वेळी आईशेजारी कुणीतरी बसेल असं बघा, तुम्ही तिकडनं तिसऱ्या खिडकीतनं उत्तरं देऊ नका. सत्तरीच्या वरच्यांसाठी आयुष्मान भारत योजनेत मोफत उपचारासाठीचं वय वंदना कार्ड निघतं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, उत्पन्नाची अट नाही, अजून काढलं नसेल तर पुढच्या सुट्टीत काढा.

राहिलं जाण्यायेण्याचं. पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळं खेड्यातनं येणाऱ्यांचा एसटीचा खर्च फार नाही, फक्त सवलतीसाठी लागणारं ओळखपत्र बरोबर आणायला सांगा. खरा प्रश्न स्टँडपासनं तुमच्या संस्थेपर्यंतचा, तो रिक्षाचा खर्च मंजुरीत आत्ताच लिहून घ्या, नंतर कुणी देत नाही. सत्र अकराच्या आधी ठेवू नका, त्यांची आंघोळ, देवपूजा, जनावरांचं असतं. जेवण एकच्या ठोक्याला द्या, शुगरवाले असतात, आणि जिथं बसवाल तिथनं बाथरूम जवळ पाहिजे आणि मधे पायरी नको. चारच्या आत सोडा, गारगोटीच्या बाजूच्या गाड्यांना नंतर उभं राहून जावं लागतं. आणि पहिलं बोलावणं त्या आजींनाच पाठवा, त्या तर गल्लीतल्याच आहेत, पण त्याआधी त्यांचं बीपी उभं करून घ्या आणि त्यांच्या डॉक्टरला कळवा, ते ट्रेनिंगच्या तारखेपर्यंत थांबवू नका.